कामगारांच्या राज्याला कामगारांचेच आव्हान

विशेष प्रतिनिधी

पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटी कोणी घालवल्या, या प्रश्नाची तीन उत्तरे नेहमी दिली जातात. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी लादलेल्या शस्त्रस्पर्धेने सोव्हिएत अर्थव्यवस्थेचे कंबरडे मोडले, हे पहिले उत्तर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोलिश जनतेच्या मनातील भीती घालवली, हे दुसरे. आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे पाठवण्यास नकार दिला, हे तिसरे. या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु तिन्ही उत्तरे मोठ्या माणसांभोवती फिरतात. ज्यांच्या नावाने या राजवटी चालत होत्या, तो कामगार मात्र या कथेत गर्दीतला एक चेहरा होऊन राहतो.

वास्तविक घडले ते उलट होते. जहाजबांधणी कारखान्यातील वेल्डर, कोळसा खाणीतील मजूर, कापड गिरणीतील स्त्रिया आणि ट्रामचालक यांनी वारंवार काम बंद पाडून या राजवटींच्या मुळावरच घाव घातला. ३१ ऑगस्ट १९८० रोजी पोलंडमधील ग्दान्स्क शहरात सरकारला संपकऱ्यांशी करार करावा लागला. त्याला आता साडेचार दशके उलटून गेली आहेत. या करारापर्यंतचा आणि त्यानंतरचा प्रवास पाहिला, तर एखादी बंदिस्त राजवट कशी खचते आणि ती खचवणाऱ्यांच्या पदरात शेवटी काय पडते, या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडतो.

मालकही सरकार, पोलिसही सरकार

भांडवलशाही देशात कामगार पगारवाढीसाठी संप करतो, तेव्हा त्याचे भांडण कारखान्याच्या मालकाशी असते. सरकार हवे तर मध्यस्थ होऊ शकते, हवे तर बाजूला राहू शकते. कम्युनिस्ट व्यवस्थेत ही सोय नव्हती. कारखाना सरकारचा, दुकान सरकारचे, घर सरकारचे आणि मटणाचा भाव ठरवणारेही सरकारच. त्यामुळे पगाराची साधी तक्रारसुद्धा थेट सत्ताधारी पक्षावरची तक्रार ठरत असे. कामगाराने ‘मांस महागले’ असे म्हटले, की ते राजकीय विधान होऊन जाई.

याला आणखी एक पदर होता. या राजवटींचा सत्तेवरचा दावा निवडणुकीच्या बळावर नव्हता; आम्ही कामगारवर्गाचे प्रतिनिधी आहोत, एवढाच तो दावा होता. विद्यार्थी रस्त्यावर आले तर त्यांना वाट चुकलेली पोरे म्हणता येत होते. लेखक बोलले तर त्यांना परकीयांचे हस्तक ठरवता येत होते. परंतु लेनिनचे नाव लावणाऱ्या कारखान्यातील हजारो कामगार सरकारविरोधात उभे राहिले, म्हणजे त्यांना काय म्हणायचे, याचे उत्तर पक्षाच्या कोणत्याही पोथीत नव्हते.

शिवाय औद्योगिकीकरणाच्या ध्यासातून या राजवटींनीच प्रचंड कारखाने उभारले. एकेका आवारात दहा-पंधरा हजार कामगार एकत्र आणले. अधिकृत कामगार संघटना होत्या, पण त्यांचे मुख्य काम सुट्टीतील सहलींचे आणि विश्रामधामांचे वाटप करणे आणि पक्षाचे आदेश खाली पोहोचवणे एवढेच उरले होते. असंतोष मोठा आणि त्याला वाट देणारी संस्था एकही नाही, अशी ही स्फोटक रचना होती.

पराभवांची मालिका

मोठा उद्रेक १७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीत झाला. कामाचे प्रमाण, म्हणजे ठरावीक पगारात करावयाचे काम, सरकारने दहा टक्क्यांनी वाढवले होते. पूर्व बर्लिनमध्ये स्टालिनच्या नावाच्या रस्त्यावर बांधकाम करणाऱ्या मजुरांनी काम थांबवले आणि पाहता पाहता आंदोलन देशभर पसरले. सोव्हिएत रणगाड्यांनी ते चिरडले. त्यानंतर २८ जून १९५६ रोजी पोलंडमधील पोझनान शहरात मोठ्या यंत्रनिर्मिती कारखान्यातील कामगार रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी भाकरीची आणि स्वातंत्र्याची होती. तेथे पोलिश लष्करानेच गोळ्या चालवल्या. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी हंगेरीतील उठाव रणगाड्यांखाली गेला. तरी तेथील कामगार मंडळांनी त्यानंतरही काही आठवडे संपाचे शस्त्र खाली ठेवले नव्हते.

खुद्द सोव्हिएत संघही यातून सुटला नव्हता. जून १९६२ मध्ये दक्षिण रशियातील नोवोचेरकास्क येथे विजेच्या इंजिनांच्या कारखान्यातील कामगारांनी संप केला. मांस व लोण्याचे भाव वाढले होते आणि त्याच सुमारास कामाचे दर कमी करण्यात आले होते. जमावावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मेली, पुढे सात जणांना मृत्युदंड देण्यात आला. ही घटना सरकारने इतकी कसोशीने लपवली, की सोव्हिएत नागरिकांना ती उघडपणे वाचायला मिळाली ती थेट १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

हे सारे लढे हरले. परंतु त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, कामगार उठले की सरकारला नेते बदलावे लागतात किंवा भाव मागे घ्यावे लागतात. पोझनाननंतर चारच महिन्यांत पोलंडमध्ये व्लादिस्लाव गोमुल्का सत्तेवर आले ते याच असंतोषाच्या लाटेवर. आणि दुसरी, रस्त्यावर उतरलेला जमाव गोळीला सहज बळी पडतो.

रस्त्यावरून कारखान्याच्या आत

दुसरा धडा पोलिश कामगारांनी सर्वांत महाग किंमत देऊन शिकला. १२ डिसेंबर १९७० रोजी, नाताळ तोंडावर आला असताना, गोमुल्का सरकारने अन्नपदार्थांची मोठी भाववाढ जाहीर केली. बाल्टिक किनाऱ्यावरील ग्दान्स्क, ग्दिनिया, श्चेचिन या शहरांतील जहाजबांधणी कामगार मोर्चे घेऊन पक्षकार्यालयांवर गेले. १६ डिसेंबरच्या संध्याकाळी एका उपपंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून कामगारांना कामावर परतण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्दिनियाचे कामगार त्या आवाहनानुसार कामावर निघाले, तेव्हा स्थानकाजवळ लष्कराने त्यांच्यावर गोळीबार केला. त्या आठवड्यात किनारपट्टीवर चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. गोमुल्का यांना पायउतार व्हावे लागले व एडवर्ड गियेरेक आले. तरीही भाववाढ मागे घेतली गेली नाही. ती मागे घेतली गेली फेब्रुवारी १९७१ मध्ये, वूज शहरातील कापड गिरण्यांमधल्या कामगारांनी संप केल्यावर. या संपात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या रस्त्यावर न येता यंत्रांजवळच बसून राहिल्या होत्या.

या दोन घटनांमधील फरक पुढच्या दशकाला पुरला. मोर्चा काढला की सरकारला गोळी घालायला निमित्त मिळते. कारखान्याची फाटके आतून लावून घेतली, तर सरकारला आपलीच यंत्रसामग्री, आपलीच अर्धवट बांधलेली जहाजे धोक्यात घालून आत शिरावे लागते. शिवाय आतल्या माणसांना खोटी आश्वासने देऊन पांगवताही येत नाही.

गियेरेक यांनी पाश्चात्त्य देशांकडून कर्जे घेऊन काही वर्षे दुकाने भरली. परंतु कर्जातून उभे राहिलेले कारखाने निर्यातक्षम माल देऊ शकले नाहीत. १९८० पर्यंत परकीय कर्ज २० अब्ज डॉलरच्या वर गेले. दरम्यान जून १९७६ मध्ये पुन्हा भाववाढ जाहीर झाली आणि रादोम, उर्सुस व प्लोत्स्क येथे आंदोलने पेटली. उर्सुसच्या ट्रॅक्टर कामगारांनी लोहमार्ग अडवला; रादोममध्ये पक्षाचे कार्यालय जाळण्यात आले. सरकारने एका दिवसात भाववाढ मागे घेतली, पण नंतर कामगारांवर सूड उगवला. अटक केलेल्यांना पोलिसांच्या दोन रांगांमधून पळवत लाठ्यांनी झोडपण्यात आले, अनेकांना नोकरीवरून काढले गेले.

या सूडाने सरकारचे सर्वाधिक नुकसान केले, असे म्हणावे लागेल. कारण त्यातून सप्टेंबर १९७६ मध्ये कामगार संरक्षण समितीचा जन्म झाला. १९६८ मध्ये विद्यार्थी झोडपले गेले तेव्हा कामगार अलिप्त राहिले होते आणि १९७० मध्ये कामगार मेले तेव्हा बुद्धिजीवी घरात बसले होते. यात्सेक कुरोन, आदाम मिखनिक आदींनी ही भिंत पाडायचे ठरवले. समितीने तुरुंगातील कामगारांना वकील मिळवून दिले, त्यांच्या कुटुंबांना पैसे पोहोचवले. तिचे वैशिष्ट्य असे, की ती भूमिगत नव्हती. तिचे सदस्य आपली नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघडपणे छापत. भीतीवर चालणाऱ्या राज्यात ही उघड वागण्याची रीतच मोठी बंडखोरी होती. समितीच्या माणसांनी कामगारांसाठी वृत्तपत्र काढले, आणि १९७८ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर मुक्त कामगार संघटनेचा छोटा गट उभा राहिला. लेक वालेसा हा नोकरी गेलेला वीजतंत्री आणि आना वालेंतिनोविच ही क्रेनचालक या गटात होती.

ऑगस्टचे अठरा दिवस

जुलै १९८० च्या प्रारंभी मांसाचे भाव पुन्हा वाढले आणि लुब्लिन भागात संपांना सुरुवात झाली. सरकारने जागोजागी पगारवाढ देऊन ते मिटवले. परंतु ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्याच्या व्यवस्थापनाने एक घोडचूक केली. निवृत्तीला अवघे पाच महिने उरलेल्या आना वालेंतिनोविच यांना ७ ऑगस्ट रोजी कामावरून काढले. सर्वांच्या ओळखीची, कष्टाळू आणि दुसऱ्यासाठी भांडणारी ही बाई होती. १४ ऑगस्टच्या पहाटे कामगारांनी काम थांबवले. पहिल्या मागण्या साध्या होत्या: वालेंतिनोविच व वालेसा यांना परत घ्या, पगार वाढवा, १९७० मध्ये मेलेल्यांचे स्मारक उभारा.

तिसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, व्यवस्थापनाने पगारवाढ मान्य केली आणि वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. येथे हा लढा संपला असता, तर इतिहासात त्याची नोंद आणखी एक यशस्वी पगारवाढ एवढीच राहिली असती. पण बाहेर शहरातील छोट्या कारखान्यांनी आणि वाहतूक कामगारांनी या संपाच्या पाठिंब्यासाठी काम बंद ठेवले होते. मोठा कारखाना बाजूला झाला की लहानांना चिरडले जाणार, हे त्यांना दिसत होते. ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस, कारखान्यातील परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि स्वतः वालेंतिनोविच यांनी फाटकाकडे धाव घेऊन घरी निघालेल्या कामगारांना थांबवले. अनेक जण निघून गेले, पण मूठभर थांबले. त्या रात्री आंतरकारखाना संपसमिती स्थापन झाली. स्वतःच्या मागण्या मान्य झाल्यावरही दुसऱ्यांसाठी संप चालू ठेवणे, या निर्णयातून पुढे ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव आले.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकावर टांगण्यात आल्या. २००३ मध्ये युनेस्कोने या फळ्यांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला. या मागण्या पाहिल्या तर आंदोलनाची समज लक्षात येते. पहिली मागणी पक्ष आणि व्यवस्थापन यांपासून स्वतंत्र कामगार संघटनेची होती. दुसरी संपाच्या हक्काची, तिसरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. राजकीय कैद्यांची सुटका, सर्व धर्मपंथांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमे खुली करणे, पोलीस व पक्षाधिकाऱ्यांच्या खास सवलती बंद करणे यांबरोबरच शनिवारची सुट्टी, तीन वर्षांची पगारी प्रसूती रजा, घरांसाठीची प्रतीक्षा कमी करणे अशाही मागण्या होत्या. भाकरी आणि स्वातंत्र्य या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत, हे या यादीने सांगितले. सत्ता उलथवण्याची भाषा मात्र त्यात कोठेही नव्हती.

शिस्त हे या संपाचे दुसरे बळ होते. आवारात दारूला पूर्ण बंदी होती. सरकारने ग्दान्स्कचे दूरध्वनी तोडले, तर कारखान्याकारखान्यांतून प्रतिनिधी स्वतः निरोप घेऊन आले. महिनाअखेर सहाशेहून अधिक आस्थापना संपसमितीत सामील झाल्या होत्या. वॉर्साहून तादेउश माझोवियेत्स्की, ब्रोनिस्लाव गेरेमेक यांच्यासारखे विचारवंत सल्लागार म्हणून आले. उपपंतप्रधान मिएचिस्लाव यागिएल्स्की यांच्याशी झालेल्या वाटाघाटी ध्वनिक्षेपकांवरून साऱ्या आवारात ऐकवल्या जात होत्या. बंद दाराआड तडजोड करून नेत्यांना फोडण्याचा सरकारचा हातखंडा त्यामुळे निकामी ठरला. ३१ ऑगस्टला करार झाला. कामगारांनी पक्षाची राज्यातील प्रमुख भूमिका आणि देशाचे परराष्ट्र करार मान्य केले. सरकारने त्या बदल्यात स्वतंत्र संघटना मान्य केली. सोव्हिएत प्रभावक्षेत्रात असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

एक कोटींची संघटना

पुढील वर्षभरात सॉलिडॅरिटीची सभासदसंख्या एक कोटीच्या आसपास गेली. पोलंडची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. कम्युनिस्ट पक्षाच्या सुमारे ३० लाख सभासदांपैकी सुमारे दहा लाख जण या संघटनेतही होते. म्हणजे राज्य पक्षाचे आणि माणसे संघटनेची, अशी स्थिती निर्माण झाली. शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, विद्यार्थी सारे आपापल्या संघटना काढू लागले. संघटनेने ‘स्वतःला मर्यादा घालणारी क्रांती’ असे धोरण ठेवले, कारण हंगेरी १९५६ आणि चेकोस्लोव्हाकिया १९६८ विसरण्याजोगे नव्हते.

तरीही अशी दुहेरी व्यवस्था टिकणे अशक्य होते. १२ व १३ डिसेंबर १९८१ च्या मधल्या रात्री जनरल वोय्चेख यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. दूरध्वनी तोडले गेले, रणगाडे रस्त्यावर आले, हजारो कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. १६ डिसेंबरला वुयेक कोळसा खाणीतील नऊ संपकरी खाणकामगार गोळ्यांना बळी पडले. ऑक्टोबर १९८२ मध्ये संघटना बेकायदा ठरली.

वरवर पाहता हाही एक पराभव होता. पण आधीच्या पराभवांत आणि या पराभवात मूलभूत फरक होता. १९५६ किंवा १९७० नंतर नवा नेता येई, नवी आश्वासने मिळत आणि लोक काही काळ विश्वास ठेवीत. १९८१ नंतर सरकारकडे देण्यासारखे काही उरले नव्हते. कामगारांच्या पक्षाने कामगारांच्या संघटनेविरुद्ध लष्कर वापरले, तेव्हाच त्याचा नैतिक अधिकार संपला. उरला तो केवळ बळाचा अधिकार. भूमिगत छापखाने चालू राहिले, कारखान्यांत गुपचूप वर्गणी गोळा होत राहिली, चर्चने आसरा दिला, पाश्चात्त्य कामगार संघटनांकडून पैसा व छपाईची सामग्री येत राहिली. १९८३ मध्ये वालेसा यांना शांततेचे नोबेल मिळाले. देशात परत येऊ देणार नाहीत या भीतीने ते घेण्यासाठी त्यांची पत्नी गेली.

संप थांबवण्याची ताकद

शेवटचा धक्काही कामगारांनीच दिला. १९८८ मध्ये महागाई पुन्हा भडकली. एप्रिल-मे महिन्यांत नोवा हुता येथील पोलाद कारखान्यात व ग्दान्स्कमध्ये, आणि ऑगस्टमध्ये सायलेशियातील खाणींत संप झाले. या संपांत पुढे होती ती १९८० मध्ये शाळेत असलेली तरुण पिढी. तिला लष्करी कायद्याची भीती दाखवता येत नव्हती आणि ती जुन्या नेत्यांचेही फारसे ऐकत नव्हती. नेमके हेच सरकारला अधिक घाबरवणारे होते. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी गृहमंत्री चेस्लाव किश्चाक, म्हणजे संघटना चिरडण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती तेच, वालेसा यांना भेटले. त्यानंतर वालेसा यांनी खाणकामगारांना संप मागे घ्यायला लावला.

या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. संप घडवून आणणे ही एक शक्ती आहे. संप थांबवू शकणे ही त्याहून मोठी शक्ती आहे. सरकारच्या अधिकृत संघटनांच्या शब्दाला कारखान्यात किंमत नव्हती, हे त्या दिवशी सरकारनेच कबूल केले. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ मध्ये गोलमेज परिषद झाली. ठरले असे, की कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी ६५ टक्के जागा सत्ताधारी आघाडीला राखीव, उरलेल्या १६१ जागांवर आणि नव्या सेनेटच्या १०० जागांवर मोकळी निवडणूक. ४ जून १९८९ च्या पहिल्या फेरीनंतर व पुढच्या फेरीअंती सॉलिडॅरिटीने १६१ पैकी १६१ आणि १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. सत्ताधाऱ्यांच्या ३५ बड्या नावांची विनाविरोध यादी होती. मतदारांनी त्यातील ३३ नावे खोडून टाकली. २४ ऑगस्टला माझोवियेत्स्की पंतप्रधान झाले. ग्दान्स्कच्या संपातील सल्लागार आता सोव्हिएत गटातील पहिल्या बिगरकम्युनिस्ट सरकारचा प्रमुख होता.

गोर्बाचेव्ह नसते तर हे घडले असते का, हा प्रश्न रास्त आहे. बहुधा इतक्या लवकर आणि रक्तपाताविना घडले नसते. परंतु गोर्बाचेव्ह यांनी दार उघडे ठेवले, एवढेच. त्या दारातून बाहेर पडण्याइतका संघटित समाज १९८९ मध्ये पोलंडमध्ये होता, आणि तो संपांनी घडवला होता.

लाट पुढे सरकते

इतर देशांत कामगारांची भूमिका वेगवेगळी होती. प्राग येथे आंदोलन विद्यार्थ्यांनी व कलावंतांनी सुरू केले. पण निर्णायक क्षण आला तो २३ नोव्हेंबर १९८९ रोजी. पक्षाचे प्राग येथील प्रमुख मोठ्या अभियांत्रिकी कारखान्यात कामगारांसमोर बोलायला गेले आणि पोरांच्या सांगण्यावरून देश चालणार नाही, अशा आशयाचे काही बोलले. आम्ही पोरे नाही, असे ओरडत कामगारांनी त्यांना शिट्ट्यांनी गप्प केले. २७ नोव्हेंबरच्या दोन तासांच्या देशव्यापी संपानंतर राजवटीच्या हाती काही उरले नाही. रुमानियात १९७७ मध्ये जिऊ खोऱ्यातील खाणकामगार आणि १९८७ मध्ये ब्राशोव्हचे कारखाना कामगार उठले होते. चाउशेस्कू यांनी ते दडपले आणि समाजात कोणतीही संघटना उरू दिली नाही. १९८९ मध्ये तेथे सत्तांतर झाले ते म्हणूनच रक्त सांडून झाले.

सोव्हिएत संघात जुलै १९८९ मध्ये सायबेरियातील कुझबास भागातील खाणकामगारांनी संप पुकारला. खाणीतून वर आल्यावर अंग धुवायला साबण मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. जगातील दुसरी महासत्ता आपल्या खाणकामगाराला साबणाची वडी देऊ शकत नव्हती. पाहता पाहता दोनबास, वोरकुता, कारागांडा येथील लाखो कामगार संपात उतरले. १९९१ च्या वसंत ऋतूतील संपात साबण मागे पडला होता. आता मागणी गोर्बाचेव्ह यांच्या राजीनाम्याची होती. बोरिस येल्त्सिन यांच्या उदयाला या खाणपट्ट्याचा मोठा आधार मिळाला.

हा धडा ज्यांनी सर्वांत बारकाईने वाचला, ते होते चीनचे कम्युनिस्ट नेतृत्व. सॉलिडॅरिटीच्या उदयानंतर १९८२ मध्ये स्वीकारलेल्या चिनी राज्यघटनेतून संपाचा हक्क वगळण्यात आला. १९८९ च्या वसंतात बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांबरोबर स्वायत्त कामगार संघटनाही उभी राहिली, तेव्हा राज्यकर्त्यांची अस्वस्थता वाढली. ४ जूनला, पोलंडमध्ये मतदान होत असतानाच, तिआनआनमेन परिसरात रणगाडे फिरले. त्यानंतर सर्वांत कठोर शिक्षा विद्यार्थ्यांपेक्षा कामगारांच्या वाट्याला आल्या. आजही तेथे अधिकृत महासंघाबाहेर कामगार संघटना काढता येत नाही. जगाच्या स्मरणात चौकातील विद्यार्थी राहिले. राज्यकर्त्यांच्या स्मरणात मात्र ग्दान्स्क राहिले.

जिंकलेल्यांचे काय झाले?

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. सॉलिडॅरिटीच्याच सरकारने १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कठोर आर्थिक कार्यक्रम लागू केला. महागाई आटोक्यात आली, दुकाने भरली, पण ज्या अवाढव्य कारखान्यांतून चळवळ जन्मली, तेच आधी कोसळले. पूर्ण रोजगाराची सवय असलेल्या देशात १९९३ पर्यंत बेकारी सुमारे १६ टक्क्यांवर गेली. कामगारमंत्री झालेले कुरोन दूरचित्रवाणीवरून लोकांना धीर देत आणि बेकारभत्त्याला लोकांनी त्यांचेच नाव दिले. १९८० मध्ये सुमारे सतरा हजार कामगार असलेला ग्दान्स्कचा कारखाना १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाला. आज त्याच्या आवारात २०१४ मध्ये उघडलेले सॉलिडॅरिटीचे भव्य संग्रहालय आहे. जहाजबांधणीचे काम पूर्वीच्या तुलनेत नावापुरते उरले आहे आणि संघटनेचे सभासद काही लाखांवर आले आहेत.

रशियातील खाणकामगारांची कथा याहून दारुण आहे. ज्यांनी १९९१ मध्ये येल्त्सिन यांना बळ दिले, त्यांनाच पुढे महिनोन्महिने पगार मिळाला नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात ते मॉस्कोत सरकारी इमारतीसमोर तंबू ठोकून बसले आणि दगडी फरशीवर हेल्मेट आपटत येल्त्सिन यांचा राजीनामा मागू लागले.

पोलंडचे एकूण चित्र अर्थातच इतके काळे नाही. देश २००४ मध्ये युरोपीय संघात गेला, २००९ च्या मंदीतही त्याची अर्थव्यवस्था आकुंचन पावली नाही आणि सामान्य पोलिश माणसाचे राहणीमान कित्येक पटींनी सुधारले. परंतु हा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. वॉर्सा आणि मोठी शहरे पुढे गेली; जुने औद्योगिक पट्टे मागे राहिले. आपल्या घामावर दुसरेच श्रीमंत झाले, ही त्या पट्ट्यांतील भावना पुढे उजव्या राष्ट्रवादी राजकारणाला खतपाणी घालत राहिली. सॉलिडॅरिटी संघटनाही पुढे त्याच राजकारणाच्या जवळ गेली. जुने सहकारी एकमेकांचे वैरी झाले. वालेंतिनोविच यांनी गोलमेज तडजोडीला विश्वासघात म्हटले आणि वालेसा यांच्याशी असलेला अबोला त्यांनी २०१० मध्ये स्मोलेन्स्क येथील विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. वालेसा १९७० च्या दशकात गुप्त पोलिसांचे खबरे होते, असा आरोप करणारी कागदपत्रे २०१६ मध्ये पुढे आली. त्यांनी तो आरोप सातत्याने नाकारला आहे.

म्हणून कामगारांनी कम्युनिझम हटवला, या विधानाला जोडूनच एक उपविधान करावे लागते. त्यांनी मागितले होते ते भांडवलशाहीचे आगमन नव्हे. २१ मागण्यांच्या फळीवर कोठेही खासगीकरण नव्हते. तेथे होता तो आपल्या कामाबद्दल, पगाराबद्दल आणि देशाबद्दल आपल्यालाही बोलता यावे, हा आग्रह. त्या आग्रहापुढे एकपक्षीय राजवट टिकू शकली नाही, कारण ती ऐकण्यासाठी बनवलेलीच नव्हती. नंतर आलेली व्यवस्था ऐकण्यास बांधील होती. पण कारखाने बंद पडले, सभासद पांगले आणि बोलणाऱ्यांचा आवाजच क्षीण झाला. मतदानाचा हक्क मिळाला, संघटनेची ताकद गेली. लोकशाहीत कामगाराला दोन्ही लागतात. १६ ऑगस्टच्या रात्री फाटकाशी थांबलेल्यांनी दाखवून दिले होते, की मोठ्यांनी लहानांना मागे सोडले नाही तरच कोणाचाही विजय टिकतो. पुढच्या दशकात पोलंडने नेमकी हीच गोष्ट विसरण्याची किंमत मोजली, आणि जेथे जेथे आर्थिक बदलाचा वेग त्यात भरडल्या जाणाऱ्या माणसांपेक्षा मोठा मानला जातो, तेथे ती आजही मोजली जात आहे.